टेकडीवरचं एकुलतं झाड

नगरपालिकेच्या झाडमोजणीच्या खोलीत खिडकीपाशी बसणाऱ्या बाईंना त्यांचं खरं नाव हजेरीवर सही करतानाच काय ते आठवायचं, इतकं ‘चाळणबाई’ हे नाव त्यांना चिकटलं होतं. आणि चिकटावं असंच होतं ते, कारण बाईंचं कामच चाळायचं.

झालं होतं असं, की शहरातलं झाडन्‌झाड मोजायचं ठरलं. मोजणीदार नेमले, एकेकाच्या हातात फोन दिला. झाडापाशी उभं राहायचं, जात लिहायची, बुंध्याचा घेर लिहायचा आणि बटण दाबायचं. झाड कुठं आहे ते फोन आपलं आपण टिपून घेणार. दिवस मावळेपर्यंत सगळ्यांची झाडं ठिपके होऊन बाईंच्या कॉम्प्युटरवर येऊन पडत. आता माणूस म्हटला की घाई आलीच. बटण दाबलं, फोन जरासा घुटमळला, की हा पुन्हा दाबतो. लिफ्ट येईना म्हणून लोक बटणाला टोचत राहतात ना, तसं. मग एका बाभळीच्या तीन बाभळी होतात, आणि नकाशा बघणाऱ्याला वाटतं, वा, काय दाट झाडी! हे दुबार ठिपके वेचून बाहेर टाकायचे, हे चाळणबाईंचं काम.

बाई मुळातल्या टाइपिस्ट. पोरीचं शिक्षण पार पडल्यावर, केस पिकायला लागले तेव्हा, त्यांनी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन आकडेमोडीची ती प्रोग्रामिंगची भाषा शिकून घेतली. पोरगी चिडवायची, “आई, तू कॉम्प्युटरलासुद्धा अहो-जाहो करतेस का गं?” बाई म्हणायच्या, “करते. म्हणून तर तो माझं ऐकतो. तुला अगं-तुगं करते, तू कुठं ऐकतेस?” त्या भाषेत त्यांनी दुबार ठिपक्यांसाठी एक ओळ लिहिली होती. फोनची जागा थोडी डळमळते, म्हणून दोन पावलांच्या आत जेवढे ठिपके पडतील ते सगळे एकच झाड धरायचे. पहिला ठेवायचा, बाकीचे टाकायचे. एवढीच ओळ. पण एखादीला स्वतः शिवलेल्या झग्याची शिवण पुनःपुन्हा बघावीशी वाटते, तशी बाई ती ओळ अधूनमधून नुसतीच वाचायच्या.

त्यांना खोड मात्र एक होती. टाकलेले ठिपके त्या लगेच पुसत नसत. त्यांची आई धान्य पाखडून झालं की कोंड्यात बोटं फिरवायची. कोंबड्यांना घालायच्या आधी एकदा बघायची, एखादा दाणा गेला तर नाही ना. तीच सवय बाईंच्या बोटांत उतरली होती.

तर एके दिवशी काय झालं, शेजारच्या टेबलावर नकाशे छापणारा सहकारी एकदम ओरडला. त्याला सगळे बडबड्या म्हणत. तो सकाळी आला की खोलीतला रेडिओ बंद करावा लागे.

“ताई! टेकडीला टक्कल पडलं!”

खिडकीतून टेकडी समोरच दिसायची. हिरवीगार, माथ्यावर छत्रीसारखा पसरलेला एक शिरीष. आणि बडबड्याच्या स्क्रीनवर त्याच टेकडीच्या जागी उजाड माळरान. अगदी पायथ्याशी, फाटकाजवळ, एक ठिपका.

“एकच झाड?” बाई उठून आल्या. “कुठलं?”

बडबड्यानं ठिपक्यावर टिचकी मारली आणि वाचायला लागला. “जात, इतर. नाव...” तो थांबला. बडबड्या थांबला म्हणजे काहीतरी भारीच असणार. “नाव, ‘आमचे हे’. घेर, पोटापाशी जास्त. उंची, बेताची. स्थिती, जरा वाकलेलं, पण मुळं धरून आहे. शेरा, कुरकुरतं.”

खोलीत असा हशा उसळला, की आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले. साहेब माणूस सरळ, पण कायम उशीर होत असल्यासारखा चेहरा. त्यांनी वाकून वाचलं. मिशीखाली काहीतरी हललं आणि लगेच विझलं.

“कोण मोजणीदार आहे तिथं?”

“ते म्हातारे आजोबा, साहेब. पूर्वी बागेत माळी होते ते.”

“म्हणजे टेकडी चढवत नाही, म्हणून खाली बसून थट्टा चाललीय. काढून टाका त्यांचं नाव. दुसरा माणूस पाठवू.”

साहेब आत गेले. बडबड्यानं ते ‘आमचे हे’ स्वतःशीच आणखी दोनदा वाचून घेतलं. बाई मात्र आपल्या जागेवर जाऊन कोंडा उपसायला लागल्या. बघतात तर टाकलेल्या ठिपक्यांत सगळी टेकडी! तुती, सुरू, निलगिरी, बाभूळ, माथ्यावरचा तो शिरीषसुद्धा. सगळ्यांची जागा एकच, पायथ्याची. त्यांच्या लाडक्या ओळीनं जागा तेवढी बघितली, झाड बघितलंच नाही. पहिला ठिपका ठेवला आणि अख्खी टेकडी दुबार म्हणून फेकून दिली. बाईंचे कान गरम झाले. त्यांनी तिथल्या तिथं ओळीत भर घातली: जागा तीच असेल आणि जात, घेरही तोच असेल, तरच दुबार म्हण.

पण मग ही सगळी झाडं एका जागी कशी? थट्टा म्हणावी, तर घेर बघा. कुठं साडे, कुठं पाऊण, एकही आकडा दुसऱ्यासारखा नाही. आळशी माणूस खोटं लिहितो तेव्हा सगळं गोल गोल लिहितो, हे टाइपिस्ट असल्यापासून बाईंनी पाहिलेलं.

त्या साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. “साहेब, नाव काढायच्या आधी मी एकदा बघून येते.”

“तुम्ही? एवढ्या उन्हात?”

“टेकडी समोरच आहे, साहेब. परदेशात नाही.”

साहेबांनी मान डोलावली. “बघा. पण माणूस झाडापाशी उभा राहून मोजत नसेल, तर माझा नाइलाज आहे.”

टेकडीच्या पायथ्याशी फाटक, फाटकाच्या आत पाण्याचा नळ, आणि नळाशेजारी हिरवा रंग पोपडे होऊन उडालेला एक बाक. बाकाला लागून चाकाच्या खुर्चीत एक आजी बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निजवून ठेवलेला, ओठाचा एक कोपरा किंचित उतरलेला. डाव्या हातात नगरपालिकेचा फोन. बाई बाकावर टेकायला गेल्या तशा आजी म्हणाल्या, “बसा, पण त्या टोकाला नको. तिथं निलगिरीचं खटलं आहे.”

बोलणं सावकाश, जिभेवरून एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं, पण नीट कळत होतं. बाईंनी बघितलं. बाकावर सुतळीचे तुकडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या टोकाला एकेक पान बांधलेलं. बाकाच्या कडेला शिंप्याचा टेप खिळ्यांनी ठोकलेला.

“हे काय हो, आजी?”

“झाडं.” आजींनी एक सुतळी उचलली, पान नाकाशी नेलं, सुतळी टेपवर ताणली. डाव्या अंगठ्यानं फोनवर टकटक केलं. “सुरू. हा पोटानं वाढलाय या वर्षी.”

तेवढ्यात वरून पाऊलवाटेनं आजोबा उतरले. गळ्यात सुतळ्यांचा झुपका, पानं फडफडताहेत, जणू अर्धी टेकडीच अंगावर घेऊन आलेले. एका गुडघ्यावर पट्टा. आले ते सरळ सुतळ्या आजींच्या मांडीवर ठेवून उभे राहिले.

“अगं, त्या वरच्या बाभळीनं सदरा फाडला.”

“तुम्ही तिला विचारून मिठी मारली होती का?”

बाईंना हसू आवरेना. मग एकेक विचारता विचारता सगळा कारभार उलगडला. आजोबा वर जायचे, बुंध्याला सुतळी वेढून तेवढी तोडायचे, त्याच झाडाचं पान तिला बांधायचे. पान म्हणजे जात, सुतळी म्हणजे घेर. उन्हात फोनचा चेहरा दिसत नाही, चष्मा घामानं घसरतो, हात सुतळीत गुंतलेले. म्हणून फोन खाली आजींकडे. चोख काम, बिनबोभाट.

“पण आजोबा, झाडाची जागा फोन टिपून घेतो ना,” बाई म्हणाल्या.

“घेऊ दे की.”

“तो जिथं असेल, ती जागा.”

आजोबांनी आजींच्या हातातल्या फोनकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं. “म्हणजे माझी सगळी झाडं...”

“या बाकावर उगवलीत.”

आजोबांनी खरोखरच वाकून बाकाखाली बघितलं. आजी खुदकन हसल्या. पण बाईंनी आपण कोण, कुठून आलो ते सांगितलं, साहेब काय म्हणाले तेही सांगितलं, तसं ते हसू उतरत्या कोपऱ्यातून हळूच निघून गेलं. आजींनी फोन मांडीवर पालथा ठेवला.

“बाटली भरून आणतो,” असं म्हणत आजोबांनी नळाकडे जाताना बाईंना डोळ्यांनीच खुणावलं. नळ सोडला. पाण्याच्या आवाजाच्या आडोशानं म्हणाले, “बाई, फोन मी नेईन वर. ऊन काय, घाम काय, निभावेल. पण ही आजारी पडल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मी म्हटलं, अगं, भिंतीत एवढं काय आहे? म्हणाली, भिंत बरी, कीव करत नाही. एकदा मी टेकडीवरून पान आणलं, हिच्या उशाशी ठेवून म्हटलं, ओळख. तर म्हणाली, तुती आहे, पण पोरकी दिसते, पाणी देत नाही का कोणी? त्या दिवशी उठून बसली. मग हे काम मिळालं. आता सकाळी मलाच घाई करते, उठा, झाडं वाट बघत असतील.” बाटली भरून वाहत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. “फोन वर गेला, की हिच्या मांडीवर काय उरलं? रुमाल.”

बाईंनी नळ बंद केला. जाताना आजींना एवढंच म्हणाल्या, “आजी, ते ‘आमचे हे’ आमच्या सगळ्या कचेरीनं वाचलं.”

आजींनी डाव्या हातानं तोंड झाकलं. “अगं बाई! ते पहिल्या दिवशी फोन शिकताना... यांनाच सुतळी गुंडाळून बघितली होती. मला वाटलं, पुसलं गेलं.”

“काय वाचलं?” आजोबांनी विचारलं.

“काही नाही,” दोघी एकदम म्हणाल्या.

कचेरीत साहेबांसमोर बाई उभ्या राहिल्या तेव्हा वाटेत जमवलेली सगळी वाक्यं पसार झाली होती. त्यांनी सुतळ्या सांगितल्या, पानं सांगितली, बाक सांगितला. मग म्हणाल्या, “फोन आजींजवळ राहू द्या. माझ्याकडे जुना फोन आहे. त्यात एकच मोठं बटण ठेवते, ‘इथं’. आजोबा वर प्रत्येक झाडापाशी तेवढं दाबतील. जागा वरून येईल, झाडाची माहिती खालून. त्यांची गाठ मी इथं घालते.”

“एका माणसाच्या कामाला दोन फोन?”

“एका माणसाचं काम नाहीच ते, साहेब. दोघांचं आहे. आपण एकच मोजला.”

साहेबांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. “टेकडी पुन्हा मोजू द्या त्यांना,” ते म्हणाले. “नकाशा समोरच्या टेकडीशी जुळला, तर दोघं राहतील. नाही जुळला, तर दुसरा माणूस. पुन्हा माझ्याकडे रदबदली घेऊन यायचं नाही.”

आजोबा-आजींनी टेकडी पुन्हा मोजली. या वेळी तोडलेल्या सुतळ्या आजोबा एका लांब दोरीवर क्रमानं बांधत गेले, म्हणजे कितवी सुतळी कितव्या झाडाची ते चुकू नये. आजोबांकडचा जुना फोन आणि आजींकडचा फोन, दोन्ही बाईंच्या टेबलावर आले. बाईंनी एकात नुसत्या जागा बघितल्या, दुसऱ्यात नुसती झाडं. आणि मग दोन्हींची मोजदाद केली. जागा जास्त, झाडं कमी.

त्यांनी आजोबांच्या घरी फोन लावला. “आजोबा, बटण दोनदा दाबत होतात का?”

“मग काय करू? दाबल्यावर तो काही बोलतच नाही! माणसानं निदान हूं तरी म्हणावं.”

बाईंना हायसं वाटलं. हे तर त्यांचं ओळखीचं दुखणं. दोन पावलांच्या आत, लागोपाठ, एकाच्या पाठीवर एक. जागांना काही जात-घेर नव्हता, म्हणून इथं त्यांनी आपली ती जुनी ओळच लावली. पण आता त्यांचा तिच्यावर डोळे मिटून विश्वास नव्हता. गळालेला एकेक ठिपका त्यांनी नकाशावर ठेवून पाहिला. सगळे खरे दुबार निघाले. जागा आणि झाडं बरोबर सारखी झाली. बाईंनी पहिलीला पहिलं, दुसरीला दुसरं जोडत गाठ घातली, आणि बडबड्याच्या स्क्रीनवर टेकडी हिरवी झाली.

“ताई, केस उगवले!” बडबड्या ओरडला. “बोलावू साहेबांना?”

“थांब.” बाई खिडकीशी गेल्या. टेकडीच्या माथ्यावर शिरीष आपली छत्री उघडून उभा होता. नकाशावर माथ्यावर होती मनगटाएवढी तुती. आणि शिरीष? शिरीष खाली, फाटकाच्या तोंडाशी. एक-दोन झाडं नाही, सगळीच चुकली होती. नळाजवळच्या निलगिरी वरच्या खडकावर, खडकाजवळच्या बाभळी नळाशी.

आतली खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“ताई, साहेब येताहेत,” बडबड्या आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजला.

बाईंनी डोळे मिटले. त्यांना बाक दिसला. आजोबा दोरी आणून आजींच्या मांडीवर ठेवताहेत. सगळ्यांत शेवटी बांधलेली सुतळी, माथ्यावरची, वर. पहिली बांधलेली, फाटकापाशी तोडलेली, खाली दबलेली. आणि आजी हाताला येईल ती, म्हणजे वरची, आधी उचलताहेत. शेवटचं झाड पहिलं! आजोबा खालून वर चढले होते, आजी वरून खाली उतरल्या होत्या. बाईंनी गाठ घालणाऱ्या ओळीत एकच शब्द टाकला: झाडं उलट क्रमानं घे. साहेब खांद्याशी येऊन उभे राहिले, तेव्हा ठिपके आपापल्या जागी जाऊन बसत होते, वर्गात बाई आल्यावर पोरं बसतात तसे.

साहेबांनी हात पाठीमागे बांधले. स्क्रीनवर बघितलं, खिडकीतून बघितलं. पुन्हा स्क्रीनवर. माथ्यावर शिरीष. उतारावर सुरूंची रांग. नळाशी निलगिरीचं खटलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. साहेबांच्या तोंडी हे फार झालं. मग त्यांनी बोट ठेवलं. “आणि हा इथं, बाकावर, कोण राहिला?”

जुनी सगळी मोजणी बाईंनी बाजूला केली होती. तेवढा एक पहिला ठिपका काढायला त्यांचं बोट धजलं नव्हतं.

“त्याचं मालकांना विचारून सांगते, साहेब.”

दुसऱ्या दिवशी बाई छापील नकाशा घेऊन टेकडीच्या पायथ्याशी गेल्या. आजींनी तो मांडीवर पसरला. डाव्या हाताचं बोट एकेका ठिपक्यावरून फिरत गेलं, आणि प्रत्येक ठिकाणी ओठ हलत होते. आजोबा मागे उभे राहून चष्म्यातून खाली वाकले होते. “तो बघ, तुझा पोटानं वाढलेला सुरू.”

“साहेब म्हणाले, दोघं राहा,” बाई म्हणाल्या. “फोन तुमच्याकडेच, आजी. पुढच्या आठवड्यापासून कालव्याकाठची झाडं.”

आजींनी रुमाल काढला, डोळे पुसले आणि रुमाल आजोबांकडे दिला. आजोबांनी त्यात नाक शिंकरलं.

“एक तेवढं विचारायचंय,” बाईंनी बाकाजवळच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “हे ठेवायचं की काढायचं?”

“काय आहे ते?” आजोबांनी नकाशा ओढून घेतला आणि शेजारी छापलेली बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायला लागले. “आमचे हे... पोटापाशी जास्त... कुरकुरतं? मी? मी कधी कुरकुरलो?”

“अहो, हे आत्ता काय चाललंय मग?”

आजींनी नकाशा त्यांच्या हातातून काढून घेतला, तो ठिपका जरा वेळ बघितला आणि बाईंना म्हणाल्या, “काढून टाक गं, पोरी. बाकीची सगळी नगरपालिकेची. हे माझं आहे.”

बाईंनी पेनानं त्या ठिपक्यावर बारीकशी काट मारली, कचेरीत गेल्यावर विसरू नये म्हणून.

“आणि तो घेरही आता चुकीचा आहे,” आजोबा फुरंगटून म्हणाले. “तेव्हापासून मी टेकडी किती वेळा चढलोय! उतरलंय पोट. नव्यानं मोज.”

ते खुर्चीसमोर येऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले, अगदी फांद्या पसरल्यासारखे. आजींनी बाकावरून सुतळी घेतली. डाव्या हातानं ती त्यांच्या पाठीमागून पुढे आणली. पण वेढा घालायचा म्हणजे दुसरं टोक धरायला दुसरा हात हवा. बाई पुढे व्हायला निघाल्या आणि थांबल्या. मांडीवर निजलेला उजवा हात हलला होता. दोन बोटं सावकाश उघडली, सुतळीच्या टोकावर मिटली, आणि त्यांनी ते घट्ट धरून ठेवलं.

“हलू नका,” आजी म्हणाल्या.

“मी कुठं हलतोय?” आजोबा कुरकुरले.